पट्टायाला निघालेल्या चौघी

ती तक्रार मी आजही विसरलेलो नाही. तिच्यापायी मला मिळालेला मेमोही विसरलेलो नाही, आणि तो कधी मागे घेतला गेला नाही हेही नाही. मी कॉन्स्टेबल म्हणून भरती झालो आणि इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालो. मधली प्रत्येक पायरी भांडून, घासाघीस करून मिळवली. अशा माणसाला जिथे शाबासकी मिळायला हवी तिथे खुलासा मागितला, तर ते डोक्यात राहतं. या लेखात मी कुणाचंही नाव देणार नाही. मेमो देणाऱ्या साहेबांचंही नाही, इच्छा बरीच असली तरी.

म्हैसूरच्या पोलिसाला दसरा म्हणजे बंदोबस्त. नवमीला आम्ही ठाण्यात आयुधपूजा करतो. रायफली, लाठ्या, बेड्या, वायरलेस, जीप, सगळ्यांना कुंकू लागतं, झेंडूच्या माळा चढतात, जीपसमोर कोहळा फुटतो. दशमीला हत्तींची मिरवणूक. ती संपून गर्दी पांगेपर्यंत पोलीस उभाच असतो. दुसऱ्या दिवशी ठाण्यात ज्याचे पाय सुजलेले नाहीत त्याने ड्यूटी चुकवली असं खुशाल समजावं. त्याच दिवशी सकाळी आमच्या हद्दीतल्या चामराजपुरमच्या एक बाई आल्या. हायस्कूलमध्ये भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना टीचर म्हणत. आमच्यासारखंच जुन्या म्हैसूर फौजेतलं मराठा घर. मी मराठी आहे हे माहीत असल्यामुळे त्यांनी आपल्या भाषेतच सुरुवात केली.

"सार, पासपोर्ट चोरीला गेलेत. माझा आणि माझ्या तीन मैत्रिणींचे. परवा सकाळी निघायचंय."

"कुठं?"

"पट्टायाला."

आमच्या ठाण्याच्या हवालदाराला मराठी येत नाही, पण हा शब्द त्याला बरोबर कळला. त्याने कॉम्प्युटरवरून मान वर केली आणि बाईंकडे पाहत राहिला. त्याच्या ओळखीतले जे कोणी पट्टायाला जाऊन आले होते त्यांनी तिथल्या गोष्टी बायका नसताना, आवाज खाली करून सांगितल्या होत्या.

बाईंनी ते ओळखलं. "तुमच्या हवालदारांना सांगा सार, तिथं समुद्रसुद्धा आहे."

चौघी साठीच्या आसपासच्या. वर्षभर त्यांनी या सहलीची आखणी केली होती. बोटीने बेटावर जायचं, पॅराशूटला बांधून घेऊन समुद्रावरून उडायचं, ते प्रचंड लाकडी देऊळ बघायचं, पाण्यातल्या बाजारात नावेतून हिंडायचं. शाकाहारी जेवण कुठे मिळतं ते शोधून ठेवलं होतं. एकीने चटणीपुडीचे, म्हणजे कोरड्या चटणीचे, डबे भरले होते. टीचर म्हणाल्या, "तीस वर्षं मुलांना नकाशावर खाडी, आखात, द्वीपकल्प दाखवलं. आपण कधी राज्याच्या बाहेर पाऊल टाकलं नाही. आधी मिस्टर, मग मुलं, मग आजारपणं. कुणाच्या मागे न जाता, स्वतः ठरवून निघायची ही पहिली वेळ, सार. ही हुकली तर पुन्हा घरात कुणी माझं ऐकणार नाही. म्हणतील, बघ, झालं ना सांगितल्यासारखं."

ट्रॅव्हल एजंटशीही त्यांनी चांगलीच घासाघीस केली होती. बेटावरची बोट फुकट पदरात पाडली होती आणि विमानतळापर्यंतची गाडी दारात बोलावली होती. मी लहानपणी देवराज मार्केटमध्ये लिंबं विकली आहेत, त्यामुळे अशा माणसाला मी लगेच ओळखतो.

"चोर कोण ते मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "माझा दीर. लिहून घ्या."

या दिराचं मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान. आमच्या समाजाच्या मंडळात त्याचं वजन. महिन्यापूर्वी मंडळाच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर तो म्हणाला होता, "आमच्या घरच्या बायका पट्टायाला? बघतो कशा जातात."

चौघींचे पासपोर्ट कापडी पिशवीत घालून बाईंनी शिलाई मशीनच्या खणात ठेवले होते. नवमीच्या आदल्या दिवशी तिकिटावरची नावं पडताळून पाहिली तेव्हा ते होते. दशमीची मिरवणूक बघून आल्यावर पाहिलं तर खण रिकामा.

इथे एक कायद्याची गोष्ट वाचकांना सांगायला हवी. पासपोर्ट चोरीला गेल्याची किंवा हरवल्याची नोंद झाली की तो रद्द होतो. नंतर तोच पासपोर्ट सापडला तरी त्यावर प्रवास करता येत नाही. म्हणजे मी तक्रार लिहून घेतली असती तर त्या क्षणी सहल संपली होती, चोर सापडो वा न सापडो. मी हे बाईंना समजावलं आणि वेळ मागितला.

"आज संध्याकाळपर्यंत," त्या म्हणाल्या.

"परवा सकाळपर्यंत."

"परवा सकाळी विमान आहे, सार. मग काय तुम्हाला घेऊन जाऊ?"

उद्या दुपारवर सौदा ठरला. अट एकच, दिराला मी आजच बोलवायचं. जाताना मी विचारलं, चोरीचं घरात कुणाकुणाला माहीत आहे? "सगळ्यांना. फक्त सासूबाईंना कळू दिलेलं नाही. पंच्याऐंशीच्या पुढे आहेत, बीपी आहे, सणाचे दिवस." मलाही ते शहाणपणाचं वाटलं.

दुपारी ठाण्यात फोन आला. त्यांच्याच गल्लीत इस्त्रीची गाडी लावणारी बाई होती. घरातल्या बाई ठाण्यात गेल्या की गल्लीला कळायला वेळ लागत नाही. ती म्हणाली, "सार, माझं नाव नको. दशमीला सकाळी ते धाकटे यजमान मागच्या दाराने निघाले. बगलेत पिशवी. मला बघितलं आणि पिशवी शर्टाखाली घातली. रोज दहा वेळा हाक मारणारा माणूस, त्या दिवशी बघून न बघितल्यासारखं केलं."

मी दिराला बोलावून घेतलं. तो आला, पण येण्याआधी कुणाला तरी मोठ्या माणसाला फोन करून आला. मला मिळालेल्या मेमोचा जन्म त्या फोनमध्ये आहे. गुन्हा नोंद नसताना प्रतिष्ठित नागरिकाला सणात ठाण्यात का बोलावलं, आणि गुन्हा होता तर नोंद का केली नाही. दोन्ही प्रश्न एकाच कागदावर.

माझा अनुभव असा, की लपवाछपवी करणारा माणूस पाणी मागतो आणि अपमान झालेला माणूस आवाज चढवतो. या गृहस्थाने दोन्ही केलं.

"मी मंडळाचा पदाधिकारी आहे, इन्स्पेक्टर सार. जरा पाणी मिळेल?"

"दशमीला सकाळी कुठं गेला होता?"

"देवळात."

"पिशवी घेऊन, मागच्या दाराने, शर्टाखाली लपवून? कुठलं देऊळ ते?"

त्याने एक नाव सांगितलं. मग देवळाचं नाव बदललं, मग वेळ बदलली. माझा संयम मुळातच थोडा. त्या दिवशी तर पायही ठणकत होते. मी टेबलावर हात आपटला आणि जे बोललो ते इथे छापता येणार नाही. हवालदार दार लावून घ्यायला उठला, तेव्हा दीर एकदम मऊ पडला.

"स्कूटरच्या डिकीत आहे पिशवी. पण दार लावा. आणि वहिनीला सांगू नका."

पिशवी आली. मी उघडली. आत मोठमोठ्या लाल फुलांचा एक हाफ शर्ट होता, एक गवती टोपी होती आणि एक पासपोर्ट होता. त्याचा स्वतःचा.

"हे काय?"

"एजंटकडे गेलो होतो," तो खाली बघून म्हणाला. "म्हटलं एखादी सीट शिल्लक असेल."

"अहो, तुम्हीच ना हॉलमध्ये विरोध केला?"

"मग काय करू, सार? वर्षभर घरात बेटं, बोटी, पॅराशूट चाललंय. चटण्या चालल्यात. एकानं तरी विचारलं का, भाऊजी तुम्ही येता का म्हणून? एक शब्द नाही."

हवालदाराला भाषा कळली नाही, पण टोपी कळली. तो तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिला. त्याचे खांदे हलत होते. मी एजंटला फोन केला. हो, हे गृहस्थ सणाच्या सकाळी आले होते, सीट नव्हती, फार वाईट वाटून घेऊन गेले. मी त्याला चहा पाजला आणि सोडला. चोर गेला, पासपोर्टही नाहीत, आणि हातात उद्या दुपारपर्यंतचाच वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला नंजनगूड रस्त्यावर एका कामाला निघायचं होतं. जीपची किल्ली सापडेना. ड्रायव्हर हवालदाराला विचारतो, हवालदार ड्रायव्हरला. मी दोघांवर ओरडलो. शेवटी झाडलोट करणारी बाई शांतपणे म्हणाली, "पूजेत होती की." पूजेच्या ताटात फुलांत ठेवलेली किल्ली दशमीला कुणीतरी बेड्यांबरोबरच कापडात गुंडाळून कपाटात ठेवून दिली होती. गाठ सोडली तर कुंकवाने माखलेली किल्ली हातात आली.

मी ओरडता ओरडता थांबलो. शिलाई मशीन. शिलाई मशीनसुद्धा नवमीला पूजेला लागतं. आणि मशीन पूजेला लावायचं तर खण रिकामा करावा लागतो. आमच्या घरांमध्ये खंडेनवमीची पूजा मांडतं कोण? घरातलं सगळ्यात मोठं माणूस. ज्यांच्यापासून आम्ही सगळे ही बातमी लपवत होतो त्याच आजी.

साध्या कपड्यांत चामराजपुरमला गेलो. सणाचं भेटायला आलो म्हणून आजींच्या पाया पडलो. शेजारी बसलो. आतल्या दारात टीचर हातात पळी घेऊन उभ्या, डोळ्यांनी मला नको नको म्हणत होत्या.

"आजी, यंदा खंडेनवमीला काय काय लावलं पूजेला?"

"नेहमीचंच. तलवार, विळी, सुनेची मशीन, नातवाचा कॉम्प्युटर. आणि सुनेची ती निळी पुस्तकं."

विळीचं नाव घ्यावं तितक्या सहज आवाजात त्या म्हणाल्या. दारातल्या टीचर पळीसकट खाली बसल्या.

"ती कशाला, आजी?"

आजींनी मला नीट न्याहाळलं. "तू कुणाच्या घरचा रे?" मी वडिलांचं नाव सांगितलं. "मग तुला ठाऊक पाहिजे. आमच्या घरातनं जो स्वारीवर निघायचा, त्याचं हत्यार आधी पूजेला लागायचं. ही समुद्रापलीकडं निघालीय. ती पुस्तकं दाखवल्याशिवाय पलीकडं घेत नाहीत म्हणून हिनंच सांगितलं मला. मग तिचं हत्यार कुठलं? लाटणं?"

"आता कुठं आहेत ती?"

"तलवारीबरोबर लाल कापडात बांधून पेटीत ठेवलीत. निघायच्या दिवशी मीच काढून हातात देणार. मधे सोडायचं नसतं."

"आत्या," टीचर म्हणाल्या. सासूला आत्या म्हणायची आमच्यातली रीत. "मला सांगायचं तरी."

"तू विचारलंस का? दोन दिवस घरभर मांजरागत हिंडताय सगळे. मी आले की गप्प. मला वाटलं पट्टायाला निघाल्यामुळं भ्यालात."

मी सगळं आयुष्य मुद्देमाल डोळ्यांनी बघून ताब्यात घेतला आहे. मी म्हटलं, आजी, एकदा उघडून दाखवा, पुन्हा बांधू. नाही. थोडी गाठ सैल करा, मी वरून बघतो. नाही. देवाला नारळ वाढवतो. "नारळ तू तसाही वाढव," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत इतकी कडक घासाघीस मी कुणाशी हरलो नव्हतो. शेवटी त्यांनी एवढंच मान्य केलं, की मी चपला बाहेर काढून, हात धुऊन, पेटीतलं ते लाल कापड न सोडता वरून चाचपावं. मी चाचपलं. तलवारीच्या पात्याला लागून चार पातळ, कडक कोपऱ्यांच्या वह्या. मी टीचरना मान हलवून खूण केली. त्या आधी रडल्या आणि मग इतक्या हसल्या की आजींनी दटावलं.

तक्रार लिहिली गेली नाही, म्हणून पासपोर्ट जिवंत राहिले. खात्याच्या दप्तरात या तपासाची एक ओळही नाही. मेमो तेवढा आहे.

निघायच्या सकाळी मी गल्लीत हजर होतो. ठाण्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, तरी हवालदारही आला. गाडी दारात उभी. चौघी पंजाबी ड्रेसमध्ये, पायात नवे बूट. आजींनी उंबऱ्यात पेटी आणवली, गाठ सोडली, तलवार सुनेच्या कपाळाला लावली आणि कुंकू लागलेले पासपोर्ट एकेकीच्या हातात ठेवून ओवाळलं. एकीच्या पासपोर्टवरचं कुंकू पुसायला दुसरी रुमाल काढत होती. आजींनी तो हात मागे सारला. बॅगा गाडीत चढवण्याचं काम दिराकडे होतं. शेवटची बॅग ठेवून झाल्यावर टीचर त्याला म्हणाल्या, "भाऊजी, पुढच्या वर्षी विचार करतोय कुठंतरी जायचा. तुम्ही याल का?" तो लगेच हो म्हणाला नाही. म्हणाला, "बघू. मंडळाची कामं असतात." पण गाडी वळेपर्यंत हात हलवत होता. इस्त्रीवाली बाई माझ्याकडे बघून हसली, मी तिला ओळख दिली नाही.

त्या प्रकरणानंतर मी माझ्या हाताखालच्या मुलांना एक गोष्ट सांगत आलो. घरात चोरी झाली की संशयिताच्या मागे धावण्याआधी विचारा, ही बातमी घरात कुणापासून लपवली आहे? आजारी, म्हातारं, हळवं म्हणून ज्याला बाजूला ठेवलंय त्याच्याकडे जा. चपला काढा, शेजारी बसा आणि साधा प्रश्न विचारा. बऱ्याचदा वस्तू तिथेच असते, कुणीतरी मायेने सांभाळून ठेवलेली. आणि लेखणी उचलण्याआधी थोडं थांबा. लिहिलेलं खोडता येत नाही, आमच्या खात्यात तर नाहीच.

गाडी गेल्यावर आजी पेटी बंद करत होत्या. त्यांनी मला विचारलं, "तुझ्याकडं आहे का रे ते निळं पुस्तक?"

"नाही, आजी."

"बायको आहे ना?"

"आहे."

"मग दोन कर," त्या म्हणाल्या, आणि पेटीला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली.