घाटात कामाला आलेली पत्रकं
गिअर ऑईलचा उग्र वास आला, की नव्वदच्या दशकातली ती दुपार आठवते. लिलावातल्या जुन्या मिलिटरी जीपमधून बाळंतकळा सोसणाऱ्या वहिनीला आम्ही नगरला नेत होतो, आणि घाटमाथ्यावर ब्रेक लागेना. पुढच्या अ‍ॅक्सलचं सील फुटून ऑईल ब्रेकच्या लायनरवर आलं होतं. “भावजी, इथं मरू देऊ नका,” वहिनी विव्हळली. चाक उतरवून ड्रायव्हरमामा ओरडले, “पुसायला काय हाय का न्हाई?” सगळी फडकी वहिनीखाली होती, मी झोळीतली चळवळीची पत्रकं दिली. “आज कामाला आली बघ तुजी क्रांती!” मामांनी लायनर पुसले, पेट्रोलने धुतले, पहिल्या गिअरमध्ये जीप उतरवली. पुतणी दवाखान्याच्या फाटकातच जन्मली. पत्रकांवर होतं, ‘गावाला दवाखाना द्या.’ आता पुतणीचंच बाळंतपण जवळ आलंय आणि मी अजून तेच छापतोय.