अर्ध्या यक्षाचं सुतक

मेहुण्यानं अमेरिकेहून एक खेळ आणला. आपण पात्र रचायचं आणि फाशांवर जगवायचं. पात्रांवर चालून येणारे राक्षस चालवायचं काम मी ऐटीत पत्करलं. खेळायला आलेले शेजारच्या तालमीचे वस्ताद पैलवानच रचणार, अशी माझी खात्री! त्यांनी रचला काडीसारखा जादूगार. आई यक्षीण, बाप माणूस.

"अंग लई कमावलं की. आता जरा जादू बघू."

दर फाशाआधी ते त्याच्या वतीनं शड्डू ठोकायचे. मी गंमत म्हणून राक्षस सोडला आणि जादूगार मेला. मी टाळ्या पिटल्या. वस्ताद उठले आणि कपड्यांसकट अंगणातल्या नळाखाली बसले.

मी मागोमाग अंगणात गेलो.

"बघतायसा काय, मास्तर? तुमच्याच घरात जल्मला न्हवं? तुमाला सुतक न्हाय व्हय?"

मीही नळाखाली गेलो.