टार्मोच्या नावावरचा बदल

थंडर बेच्या धक्क्यावरल्या धान्यकोठारात टार्मो लेह्टिनेनने उमेदीची वर्षं धान्य वाहणाऱ्या बेल्टखाली घालवली. बेअरिंग बदलायचं तर आधी जागा घासून पुसायची, मग मोजायची, मग पुन्हा मोजायची. त्याने बसवलेलं बेअरिंग दुसऱ्याला तपासावं लागत नसे. पुढे खांदा निखळला, पाना पेलेना. मग तो कॉलेजात पोरांच्या शेजारी बसून कोड लिहायला शिकला. आता बेअरिंग तापलं की बेल्ट आपोआप थांबवणारा कोड त्याच्या हाताखाली होता. धान्याची धूळ हवेत तरंगत असते. भडका उडायला तिला एक तापलेलं बेअरिंग पुरतं. त्या कोठारात हे कोणाला सांगावं लागत नाही.

कोड कंपनीच्या सर्व्हरवर बंदोबस्तात असायचा. तो मशीनवर उतरवून घ्यायला, म्हणजे क्लोन करायला, टोकन लागायचं. टोकन म्हणजे अक्षरांची लांबलचक माळ. तिच्यावरून सर्व्हर माणूस ओळखतो. ते बनवताना विचारलं जातं: कोणता कोड, नुसता वाचायचा की बदलायचाही, मुदत किती. उत्तरं द्यायला घाम गाळावा लागत नाही. तरी टार्मोने एकच टोकन बनवलं, सगळे हक्क देऊन टाकले, मुदत घातली नाही, आणि तेच क्लोनच्या पत्त्यात चिकटवून प्रत्येक मशीनवर वापरलं. ज्याने उभ्या आयुष्यात एकही बोल्ट अर्धवट आवळला नाही, त्याने इथे अंगचोरपणा केला. बोल्ट ढिला राहिला तर खडखडतो. हे खडखडत नव्हतं.

त्या सकाळी तो कॉफी आणि पर्शियन नावाचा तिथला गोड पाव घेऊन टेबलाशी बसला होता, तेवढ्यात नोरीन गोडेटचा फोन आला. बेअरिंगची उष्णता मोजणारी उपकरणं तिची कंपनी पुरवायची. एका अडचणीसाठी टार्मोने आदल्या दिवशी कोडचं अख्खं फोल्डर तिला पाठवलं होतं.

"टार्मो, तुमच्या फोल्डरमध्ये एक लपलेली फाइल आहे. क्लोनचा पत्ता तिच्यात राहतो. टोकनसकट."

"मग पुसून टाका."

"पुसलं. पण काल मी ते फोल्डर आमच्या वेबसाइटच्या मदतीच्या पानावर चढवलं होतं, आमच्या लोकांनी बघावं म्हणून. ते पान सगळ्यांना उघडं असतं. आत्ता लक्षात आलं तेव्हा काढलं."

"कोणी उचललं का?"

"ते कळायला मार्ग नाही. माझं चुकलं, टार्मो."

"आधी माझं चुकलं," म्हणून त्याने फोन ठेवला. पर्शियनची गुलाबी साखर बोटांना चिकटली होती. ती न पुसताच त्याने सर्व्हरवरची बदलांची नोंद उघडली.

सगळ्यात वर आदल्या संध्याकाळचा एक बदल होता. बेअरिंग किती तापल्यावर बेल्ट थांबायचा, ती मर्यादा कोणीतरी वर सरकवली होती. खाली नाव होतं टार्मो लेह्टिनेन.

त्याने ती ओळ पुन्हा वाचली. काल नोरीनला दाखवायला त्याने बरेच आकडे इकडेतिकडे केले होते. त्यातलाच हा असेल? की दुसऱ्या कोणाचा? डोक्याला कितीही ताण दिला तरी आठवेना. आणि पाळी बदलली की मशीनं नवा कोड आपणहून ओढून घेत. सकाळची पाळी कधीच सुरू झाली होती. म्हणजे बेल्ट आत्ता ह्याच आकड्यावर फिरत होता, आणि त्याचा जावई काइल खाली बेल्टच्या बोगद्यात धूळ झाडत होता.

आकडा गुपचूप मागे घ्यावा, टोकन रद्द करावं, कोणाला पत्ता लागणार नाही, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. पण एक बदल घुसला असेल तर आणखी कुठे काय दडलंय, ते वाचल्याशिवाय कळणार नव्हतं. तो जवळजवळ धावतच पाळीप्रमुख बर्नी बॅनन हिच्याकडे गेला.

"बर्नी, बेल्ट बंद कर."

"सकाळी सकाळी काय घेतलंयस? जहाज लागलंय धक्क्याला."

"उष्णतेची मर्यादा बदललीये."

"कोणी?"

"माझं नाव आहे."

"मग तूच बदललीस की. म्हातारा झालास."

"तेच सांगता येत नाही. माझं टोकन काल बाहेर गेलं. ज्याच्या हातात टोकन, तो सर्व्हरच्या लेखी मीच."

बर्नीचं हसू मावळलं. "आणि निघाला तूच, तर? टार्मोला आठवेना म्हणून जहाज थांबवलं, असं सांगू वर?"

"सांग."

तिने बटण दाबलं. पायाखालची थरथर हळूहळू विरली.

"जावई खाली नसता, तर आला असतास?"

टार्मो टेबलाकडे वळला आणि त्याने टोकन रद्द केलं. आता एकेका मशीनला वेगळं टोकन द्यायचं होतं: फक्त वाचण्यापुरतं, मुदतीचं, आणि पत्त्यात न चिकटवता. पहिल्याच वेळी करायला हवं होतं ते काम.

काइल वर आला तो पापण्यांपर्यंत धुळीने पांढरा. "सासरेबुवा, सुट्टी दिलीत म्हणे?"

"खाली जाऊ नकोस."

"झालं काय?"

"सांगतो. आधी बस इथे."

सर्व्हर आत आलेल्याचं नुसतं नाव लिहायचा, पण दारात अडवलेला इंटरनेटवर कुठून आला, तो पत्ताही टिपायचा. टार्मो त्या यादीकडे बघत राहिला. बराच वेळ ती कोरी होती. मीच केला असेल तो बदल, असं त्याला वाटू लागलं, आणि जहाज उगाच थांबवलं म्हणून थोबाड फुटलं असतं तरी त्याला त्यातच बरं वाटत होतं. मग एक ओळ उमटली. रद्द झालेलं टोकन, प्रवेश नाकारला. पत्ता कंपनीचा नव्हता. नोरीनच्या कंपनीचाही नव्हता.

"बर्नी, इकडे ये."

ती त्याच्या खांद्यावरून वाकली. "हा आपल्यातला कोण?"

"आपल्यातला नाही."

त्यांच्या डोळ्यांदेखत खाली आणखी एक ओळ आली. मग आणखी एक.

बर्नी जहाजाला कळवायला गेली. टार्मोने कोडची पहिली ओळ उघडली. शेवटची ओळ वाचून होईपर्यंत बेल्ट हलणार नव्हता.