फोटोत न आलेल्या वहिनी

मंडळी, समुद्राविरुद्ध माझी गंभीर तक्रार आहे. फोटोसाठी दोन मिनिटं नीट थांबायची त्याला शिस्तच नाही.

कोकणात सर्फिंग करणाऱ्यांचे फोटो काढायला गेलो होतो. सोबत आलेल्या थोरल्या वहिनींनीही हट्टानं फळी मागितली. सात वेळा आपटल्या. आठव्यांदा साडीचा कासोटा घट्ट करून लाटेवर चक्क उभ्या राहिल्या! फोटो मात्र निघाला नाही. मी कॅमेऱ्याला दोष दिला.

आज जळकोटला परतलो. वहिनींचा पराक्रम ऐकून शेजारच्या काकू त्यांना म्हणाल्या, "फोटू कुठंय गं? का नुसतीच थाप?" वहिनींचा चेहरा पडला.

"थाप न्हाय काकू," मी कबूल केलं. "कॅमेरा सोडून मीच टाळ्या पिटत बसलो."

वहिनी खुलल्या. "म्हंजे कॅमेरा चांगला हाय व्हय, भावजी? मग चला परत!"

गाडीत पेट्रोल भरून आणलंय. काकूही येतायत.