बाबनरावचा अंगठा आणि पुसलेला काना

बाबनरावला दिसेल ती वस्तू अंगठ्यानं दाबून पाहायची खोड होती. खोड कसली, वारसाच तो! घराण्याच्या सात पिढ्या हातमागावर गेल्या. मागावरचा ताण अंगठ्यानंच जोखायचा. बाबनरावनं माग सोडला आणि कामठी रोडवर एका लाकूड कंपनीच्या वर्कशॉपात मेकॅनिक झाला, पण अंगठा काही सुधारला नाही. टायर दाब, पाइप दाब, घरी बायकोनं टाकलेली भाकर दाबून म्हण, "कच्ची हाये वं अजून." त्यावर भागीरथा जे बोलायची ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सन अठ्ठावन्न उजाडलं तरी हा गडी टेम्परवारीच. सहा वर्षं! मोठे साहेब आले की म्हणायचे, "पुढच्या खेपेला पाहू." अखेर एकदा त्यांनी शब्द दिला. जंगलातून सागाचे ओंडके ओढणारं साखळीच्या चाकांचं एक धूड वर्कशॉपात होतं; सारे त्याला नुसतं 'गाडी' म्हणायचे, आणि ती बरेच दिवस बिघडलेली होती. तिच्या गिअरपेटीत तेल दाबानं फिरायचं, आणि तो दाब मीटरवर एकशेऐंशी पौंड भरला पाहिजे, असं किताबात छापलं होतं. साहेब म्हणाले, "सोमवारी येतो. प्रेशरचा कागद दाखव, तिथंच पर्मनंटची सही करतो."

सोमवारी सकाळी मीटरचा काटा मोडला. कशानं मोडणार? काटा अडकला की काय, म्हणून अंगठ्यानं दाबून पाहिला!

बाबनरावच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं घाईघाईनं हेडक्लार्क श्रीधरपंतांना चिठ्ठी खरडली: 'गाडी बिमार. प्रेशर पाहायचं मीटर लवकर पाठवा.' आणि शाई वाळली का, म्हणून वर अंगठा टेकवला. झालं! तेलकट अंगठा नेमका 'गाडी'च्या कान्यावर. काना पुसला गेला आणि मागं राहिला 'गडी'.

श्रीधरपंतांनी वाचलं, 'गडी बिमार', आणि कपाळाला हात लावला. खाली लिहिलं, 'उत्तर याच कागदावर द्यावे', आणि चिठ्ठी थेट दवाखान्यात धाडली.

अर्ध्या तासात विश्वनाथ डॉक्टर पेटी घेऊन हजर. गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले, तेव्हा बिमार गडी हाच, असं त्यांनी ठरवून टाकलं. बाबनरावला वाटलं, मीटरवाला आला, आणि तो सरकत बाहेर आला.

"त्रास कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"पोळ्यापासून. चढाव आला का दम तुटते."

"पिणं किती?"

"दिवसाले दहा गॅलन तरी लागतेच."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "आणि पोट?"

"खालून सारखं गळून राहिलं, साहेब."

डॉक्टरांनी पेटी उघडली आणि बाबनरावच्या दंडाला पट्टा गुंडाळला. बाबनराव मनात म्हणाला, हुशार दिसते माणूस! मीटर बरोबर हाये का नाही, ते पहिले माणसावर लावून पाहून राहिला. फुस्स, फुस्स, फुस्स.

"अरे बापरे! एकशेऐंशी!"

बाबनराव उडालाच. "बरोब्बर! एकशेऐंशीच पाह्यजे!"

"पाहिजे? अहो, अशानं मराल एक दिवस!"

"मी काहून मरू गा? तब्येत तं गाडीची खराब हाये!"

डॉक्टरांनी चिठ्ठी त्याच्या नाकापुढं धरली. तिच्यावर काना नव्हता, नुसता अंगठ्याचा ठसा होता. डॉक्टर पोट धरून हसले, पण त्याच चिठ्ठीच्या पाठीवर काय लिहायचं ते त्यांनी लिहिलंच: 'गडी. प्रेशर १८०. पंधरा दिवस आराम. मीठ बंद.' "श्रीधरपंतांना द्या," म्हणाले आणि गेले.

आता मात्र बाबनरावनं तो कागद पुन्हा वाचला. बिमार गड्याला पर्मनंट कोण करतो? सहा वर्षं पाण्यात! डोळे भरून आले तेवढ्यात फाटकावर साहेबांच्या मोटारीचा भोंगा वाजला. त्यानं अंगठ्याकडे पाहिलं. ज्यानं घात केला त्यालाच कामाला लावलं. नख काळ्या तेलात बुडवलं आणि चिठ्ठीच्या दोन्ही बाजूंना एकेक काना ओढला.

साहेबांनी वाचलं, "गाडी. प्रेशर एकशेऐंशी. शाबास! पंधरा दिवस आराम, ठीक. पण हे 'मीठ बंद' काय?"

"मिठानं लोखंडाले गंज चढते, साहेब."

"खरं आहे," साहेब म्हणाले आणि सही ठोकली.

थाप पुढं खरी ठरली म्हणा. आरामाच्या त्या पंधरवड्यात बाबनरावनं गिअरपेटी उघडली, तर तेलाच्या जाळीत सुताचा बोळा! हात पुसायचा त्याचाच बोळा तो. काढला, नवं मीटर लावलं, काटा एकशेऐंशीवर जाऊन उभा.

सही झाली त्या सोमवारी संध्याकाळी पेढे घेऊन तो घरी गेला आणि भागीरथेला सगळं रंगवून सांगितलं. ती हसली नाही. पदर डोळ्यांना लावला, मग उठली आणि मिठाची बरणी फळीवर पार वर ठेवून आली.

"अवं, पण कागदावर आता गाडी हाये!"

"असन. जेवाले तं गडीच बसते ना?" तिनं अळणी वरणाची वाटी पुढं सरकवली. "नवकरी पर्मनंट झाली, तं अळणीबी पर्मनंट."