वैनीच्या खोलीतल्या शेळ्या

वडवणीच्या कोर्टात आम्हा दोघांना सगळे ‘फुकटवाले’ म्हणायचे. माझे सीनियर आणि मी गरजू बायकांच्या केसेस फी न घेता चालवायचो, म्हणून. मी चिडायचे. सीनियर पान लावत हसायचे.

त्यातलीच एक बाई. शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या घरातली. नवरा वारला तसं दिराने तिला घराबाहेर काढलं. तेव्हापासून ती मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर भाकरी थापायची आणि तिथेच चुलीमागे झोपायची. नवऱ्याच्या घरातली एक खोली राहायला मिळावी, एवढंच तिचं मागणं. ‘हिला उंबऱ्याच्या आत घेणार नाही,’ असं दिराने कोर्टात शपथेवर सांगितलं. तरी निकाल आमच्या बाजूने लागला. तिला आणि एका हवालदाराला घेऊन आम्ही जीपने तिच्या गावी निघालो. मी इतकी खुशीत होते की वाटेत मोठमोठ्याने गाणी म्हणत होते. थोड्या वेळाने हवालदारानेही सूर लावला.

दीर दारातच उभा होता. खोलीला कुलूप नव्हतं, पण त्याने आपल्या सगळ्या शेळ्या आत कोंडून ठेवल्या होत्या.

“कोर्टाचा हुकूम हाय, मी कुठं न्हाई म्हन्तो? पन माजी जनावरं कुठं जावी? उद्या बगू.”

‘उद्या बघू’ म्हणजे काय, हे वकिलाला कुणी सांगायला नको. आज ती आत गेली नाही, तर पुन्हा अर्ज, पुन्हा तारखा आणि तिला पुन्हा तीच चूल. माझं डोकं भडकलं. कोट सावरत मी आत शिरले, मागोमाग सीनियरही आले. एक शेळी बाहेर हाकलावी तर दोन आत पळायच्या. एकीने सीनियरांच्या गळ्यातला पांढरा बँड ओढून चघळायला घेतला आणि ते “अगं, सोड, सोड!” करत तिच्याबरोबर खोलीभर फिरले. गल्लीतल्या बाया पदर तोंडाला लावून खिदळत होत्या. हवालदार तर हसून हसून भिंतीलाच टेकला. मग मलाही आवरेना.

शेवटी एकच शेळी उरली. ती कोपऱ्यात कण्हत पडली होती, व्यायला लागली होती.

“बगा! आता हिला कशी हलविता?” दीर खूश होऊन म्हणाला.

पण त्याची खुशी फार टिकली नाही. करडाचा एकच पाय बाहेर आला होता, दुसरा आत अडकला होता आणि शेळी ओरडत होती. त्याने वाकून पाहिलं, हात घालून पाहिला, त्याला घाम फुटला. मग त्याने दाराबाहेर उभ्या असलेल्या वहिनीकडे पाहिलं.

“वैनी, ये. माजा हात लई मोठा हाय, शिरंना.”

सीनियरांनी माझं मनगट घट्ट धरलं.

“मी येऊ आत?” तिने विचारलं. “तूच म्हन्तोस?”

“ये म्हन्लं न! मरंल ती!”

पदर खोचून ती आत गेली. जरा वेळाने ओलं करडू धडपडत उभं राहिलं, आणि मी आणि सीनियर भर गल्लीत एकमेकांना टाळ्या देऊ लागलो. हवालदाराने ताबा दिल्याचा कागद पुढे केला. दिराने मुकाट्याने सही केली आणि शेळीकडे बघत दारात घुटमळत राहिला.

“ऱ्हाऊ दे तिला हितंच आज,” ती त्याला म्हणाली. “मी हाय की.”

मला एकदम रडूच आलं. ते लपवायला मी घाईघाईने म्हटलं, “चला, आम्ही निघतो आता.”

तिने दार अडवलं. शेजारणीला हाक मारून साखर-पत्ती मागितली.

“माज्या घरून तसंच काहून जाता? बसा. च्या ठिवते.”

खाली लेंड्याच लेंड्या होत्या. आम्ही कोटासकट बसलो.