तामेओनं न घेतलेला नमस्कार

आमच्या ओनबारा गावात तामेओ सोएदाइतका तोंडाचा कंजूष माणूस झाला नाही आणि होणारही नाही. लग्नाची मागणी घालायला गेला, तेव्हा म्हणे त्यानं कियोच्या अंगणात वाळलेल्या अळंबीची टोपली ठेवली आणि नुसता उभा राहिला. कियोच्या वडिलांना वाटलं, विकायला आलाय. त्यांनी भाव विचारला. तरी हा गप्प. शेवटी कियोच आतून ओरडली, "अहो बाबा, तो अळंबी विकायला नाही, मला मागायला आलाय!" तेव्हापासून त्या घरात दोघांच्या वाटचं कियो एकटीच बोलते, आणि खरं सांगायचं तर तिसऱ्याच्या वाटचंही बोलते.

मला हे सगळं माहीत असायचं कारण म्हणजे माझं केस कापायचं दुकान. नवरा गेल्यावर त्याची कात्री मी हातात घेतली. गावातली सगळी डोकी माझ्या हाताखालून जातात, आणि डोक्यात काय चाललंय तेही बहुतेक वेळा केसांबरोबर खाली पडतं. दुकान शाळेच्या चढाच्या पायथ्याशी आहे आणि बरोबर समोर तामेओचं घर. अंगणातल्या बाकावर बसून तो दिवसभर ओंडक्यांना भोकं पाडतो आणि त्या भोकांत हातोडीनं अळंबीचं बी ठोकतो. मग दोन पावसाळे वाट बघतो. असा धंदा करणाऱ्या माणसाला घाई कशाचीच नसते.

शाळा म्हणजे डोंगराच्या खांद्यावरची एक लाकडी इमारत आणि दोन्ही हातांच्या बोटांवर मोजून बोटं उरतील इतकी मुलं. दर वर्षी एप्रिलमध्ये मुख्याध्यापक गावासमोर उभे राहून यंदा काय काय साधायचं ते वाचून दाखवतात, आणि पुढच्या मार्चमध्ये काय साधलं ते. मग खालच्या शहरातलं शिक्षण कार्यालय ठरवतं की शाळा चालू ठेवायची की मुलांना त्यांच्या मोठ्या शाळेत नेऊन मिसळायचं. मार्च आला की गाव धास्तावतं. शाळा गेली की पाठोपाठ तरुण माणसं जातात, आणि मग माझ्या दुकानात उरतात फक्त टकली डोकी. तेव्हा माझा यात स्वार्थ नाही असं मी म्हणणार नाही.

आधीच्या मुख्याध्यापकांनी एक भोळं उद्दिष्ट लिहून ठेवलं होतं. मुलांनी वाटेत भेटेल त्याला नमस्कार करावा, आणि तो इतका मनापासून असावा की गावातल्या प्रत्येक माणसानं त्याला उत्तर द्यावं. गाव उत्साहानं उत्तर देऊ लागलं. अंथरुणाला खिळलेली इतोयो आजी खिडकीतून काठी हलवायची. पोस्टमन सायकलवरून वाकून नमस्कार करायचा, त्या नादात एकदा भाताच्या खाचरात गेला. उत्तर देत नव्हता एकटा तामेओ. मुलं फाटकाशी थांबून ओरडायची, "नमस्कार, तामेओ आजोबा!" आणि तामेओ हातोडी मारायचा. टक. टक.

त्यामुळे दर मार्चमध्ये तेच वाक्य वाचलं जायचं: नमस्काराचं उद्दिष्ट एका ग्रामस्थाअभावी अपूर्ण, पुढच्या वर्षी चालू. सगळे मागं वळून तामेओकडं बघायचे, आणि तामेओ छताकडं.

मग मिझोबे सर मुख्याध्यापक म्हणून आले. तरुण, केस व्यवस्थित, भांग पट्टीनं पाडल्यासारखा. आल्या आल्या म्हणाले, "हे उद्दिष्ट मी एका वर्षात पुरं करतो." शाळेच्या समितीत आम्ही चार जण, कारण समितीत बसायला गावात पाचवं माणूसच नाही. आम्ही चौघांनी एकमेकांकडं बघितलं आणि चहा प्यायलो.

सर मिठाईचा डबा घेऊन तामेओकडं गेले. तामेओनं डबा घेतला, उघडला, एक वडी खाल्ली आणि हातोडी उचलली. कियो मात्र तासभर बोलली. सर परतले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत मुळे होते आणि चेहरा मुळ्यासारखाच पांढरा.

"यासुएबाई, या माणसाला आवाज आहे तरी का?" त्यांनी मला विचारलं.

"आहे. एकदा गांधील चावली होती तेव्हा ऐकलाय."

मग मुलंच पुढं सरसावली. त्यांची म्होरकी सुझुना. पहिलीच्या वर्गात ती एकटीच, म्हणजे वर्गात पहिली तीच आणि शेवटचीही तीच. पुढचा दात पडलेला. तिनं काय करावं? एके दिवशी सकाळी फाटकाशी रांग लावली आणि तामेओला सोडून बाकी सगळ्यांना नमस्कार घातला.

"नमस्कार, ओंडक्या!"

"नमस्कार, बादली!"

"नमस्कार, कियो आजी!" आतून कियोनं उत्तर दिलं.

"नमस्कार, आजोबांच्या लांब चड्ड्या!" दोरीवर त्या वाळत होत्या. आणि नेमका वारा आला हो! दोन्ही चड्ड्या कमरेतून वाकल्या. पोरं रस्त्यावर गडाबडा लोळायला लागली. "चड्डीनं नमस्कार घेतला! चड्डी आजोबांपेक्षा चांगली!"

मी दुकानातून बघत होते. तामेओच्या मिशा थरथरल्या, मान खाली गेली, हातोडी बियाऐवजी अंगठ्यावर बसली. पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. त्या दिवशी मला पहिल्यांदा शंका आली. हसू दाबायला एवढे कष्ट घेणारा माणूस तुसडा नसतो. याच्या मनात काहीतरी आहे.

म्हणून तो दाढीला आला तेव्हा मी खुर्ची मागं कलती केली, साबण फासला, वस्तरा गळ्याशी आणला आणि थांबले.

"तामेओदादा, आता बोल."

त्यानं एक डोळा उघडला.

"लेकरं रोज घसा कोरडा करतात. एक शब्द परत दिलास तर तुझी जीभ झिजणार आहे का? बोल, नाहीतर अर्धीच दाढी करून घरी पाठवीन."

बराच वेळ तो वस्तऱ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मिनोकुचीची शाळा आठवते?"

आठवत होती. पलीकडच्या खोऱ्यातली. काही वर्षांपूर्वी बंद झाली.

"त्यांची सगळी उद्दिष्टं पुरी झाली होती. एकूण एक. शहरातून माणूस आला, शाबासकीचं पत्र दिलं, टाळ्या वाजवल्या आणि कुलूप घातलं." तो थांबला. आयुष्यात एका दमात इतकं तो पहिल्यांदाच बोलला असावा. "आपली दर वर्षी अपूर्ण. म्हणून दर वर्षी चालू."

वस्तरा माझ्या हातातून पडता पडता राहिला. "अरे देवा! म्हणून तू गप्प?"

"भिंत अर्धी असताना गवंड्याला कोणी घरी पाठवतं का?"

"कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, दादा! मिनोकुचीत मुलंच उरली नव्हती, म्हणून ती बंद झाली."

"तू तुझं डोकी कापायचं काम कर," तामेओ म्हणाला आणि डोळे मिटले. मग डोळे मिटूनच हळूच म्हणाला, "ती धाकटी फार वात्रट आहे. रोज उत्तर अगदी जिभेवर येतं माझ्या. गिळतो."

गुपित माझ्या दुकानात संध्याकाळपर्यंतही टिकत नाही, हे गावात सगळ्यांना माहीत आहे आणि तामेओलाही असायला हवं होतं. गाव दोन दिवस पोट धरून हसलं. तिसऱ्या दिवशी समितीतला, दारूच्या दुकानाचा मालक हामासाकी केस कापताना म्हणाला, "पण यासुए, समजा त्याचं खरं असलं तर?" आणि माझीही कात्री थांबली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथं तर आख्खा ओंडका होता.

त्यानंतरची समितीची बैठक मी मरेपर्यंत विसरणार नाही. मिझोबे सर आनंदानं वाचत होते, "वाचनाचं उद्दिष्ट पूर्ण."

"कशावरून?" हामासाकी गुरकावला. "माझ्या दुकानावर 'उधारी बंद' अशी पाटी आहे. या मुलांचे बाप ती अजून वाचत नाहीत."

"मुलांच्या वाचनाबद्दल बोलतोय मी."

"संस्कार घरापर्यंत पोचले नाहीत. लिहा अपूर्ण."

"बरं. धावणं. प्रत्येक मूल आता चढ न थांबता चढतं."

"उतरताना फार जोरात उतरतात," मी म्हटलं. "परवा माझी कुंडी फोडली. लिहा अपूर्ण."

सरांनी कागद खाली ठेवला. आपल्याच शाळेला नापास करायला निघालेलं गाव त्यांनी पुस्तकातसुद्धा वाचलं नव्हतं. मग मलाच राहवलं नाही, मी तामेओचं सगळं गणित त्यांना सांगितलं. मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "यासुएबाई, कार्यालयात उद्दिष्टं कोणी वाचत नाही हो. तिथं फक्त डोकी मोजतात. यंदा मोठी मुलं पास होऊन जातील, एक कुटुंब गाव सोडतंय. मागं उरतात ती पुरत नाहीत. निर्णय झालाय. पत्र कालच आलं."

चहासुद्धा कोणी प्यायलं नाही. आता हे तामेओला सांगायचं कोणी? कोणीच सांगितलं नाही.

मार्चमध्ये शाळेच्या सभागृहात गाव जमलं. शहरातून एक सुटातला माणूस आला होता, सभ्य, कुणाच्या नजरेला नजर न देणारा. मिझोबे सरांनी शेवटचा आढावा वाचायला घेतला. वाचन पूर्ण, धावणं पूर्ण. नमस्कारापाशी आले आणि थांबले. सगळ्या माना मागं वळल्या.

सुझुना मुलांच्या रांगेतून बाहेर पडली. टकटक चालत तामेओपुढं उभी राहिली आणि कमरेतून वाकली. "नमस्कार, तामेओ आजोबा." या वेळी तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

तामेओ उठला. टोपी काढली. तिच्याकडं इतका वेळ बघत राहिला की मला वाटलं, आता बोलतो. बोललाही, पण तिच्या डोक्यावरून, त्या सुटातल्या माणसाशी.

"अपूर्ण," तो म्हणाला. "लिहून घ्या साहेब. हे अजून अपूर्ण आहे. पुढच्या वर्षी चालू."

कोणी हसलं नाही. साहेब खाली वाकले, शाळेवरच्या प्रेमाबद्दल त्यांनी आभार मानले आणि शाळा बंद झाल्याचं पत्र वाचलं. मला त्यांचा राग आला नाही. तामेओचा आला. इतकी वर्षं गिळलेले सगळे नमस्कार या बाबानं फुकट घालवले, असं वाटून मी तिथंच मोठ्यानं रडले. हामासाकीनं मला रुमाल दिला आणि मग स्वतःच परत मागून घेतला.

त्यानंतर बाक रिकामा राहिला. हातोडीचा आवाज बंद झाला. "भिंतीकडं तोंड करून पडलाय," कियो म्हणाली. "एरवी माझं बोलणं ऐकत तरी होता." एवढंच बोलून ती घरात गेली. कियोनं इतक्यात बोलणं आटोपलं तेव्हा मला खरी काळजी वाटली.

एप्रिलमध्ये शहरातल्या शाळेची बस सुरू झाली. ती वळायला जागा गावात एकच, तामेओच्या फाटकासमोर. पहिल्या दिवशी उरलीसुरली मुलं तिथं येऊन उभी राहिली, पाठीवर दप्तरं, पायात नवे बूट. एकमेकांशीसुद्धा बोलत नव्हती. सुझुनाचा दात आता निम्मा आला होता.

बस वळून थांबली आणि समोरच्या घराचं दार उघडलं. तामेओ बाहेर आला. दाढी स्वतःच केलेली, हनुवटीवर दोन ठिकाणी कापलेलं. फाटकापर्यंत चालत आला, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडला, "जाऊन या!"

आवाज असा निघाला की बसचा ड्रायव्हर दचकला. मी हातातला कंगवा घेऊन दारात धावले. मुलं वळून बघत होती. आता ही नाचतील, मिठ्या मारतील, "जाऊन येतो" म्हणून गाव डोक्यावर घेतील, असं मला वाटलं.

मुलांनी सुझुनाकडं बघितलं. सुझुनानं तामेओकडं बघितलं, ओठ घट्ट मिटले आणि बसमध्ये चढली. तिच्यामागून एकेक मूल तसंच, तोंडाला कुलूप लावून. दार बंद झालं.

तामेओचा हात अर्धवट वर तसाच राहिला. माझं तर डोकंच फिरलं. एवढं म्हातारं माणूस, आणि ही कार्टी! मी बसमागं धावणार, तेवढ्यात मागची खिडकी सरकली आणि सुझुनाचं डोकं बाहेर आलं.

"अपूर्ण!" ती किंचाळली. "आजोबा, तुमचं अपूर्ण आहे! उद्या परत यायचं! पुढं चालू!"

बसभर हसू फुटलं. सगळ्या खिडक्यांतून हात हलत होते. बस वळणाआड गेली तरी ओरडणं ऐकू येत होतं.

तामेओ रस्त्याच्या मधोमध उभा होता. मिशा थरथरत होत्या, आणि या वेळी त्यानं काहीच दाबलं नाही. डोळे मात्र टोपीनं पुसले.

"लबाड कार्टी," तो मला म्हणाला. "हे माझ्यावर उलटवायचं यांना कोणी शिकवलं?"

"मला काय विचारतोस? मी डोकी कापते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं. बस यायला अजून अवकाश होता. तामेओ फाटकाशी उभा राहून घसा खाकरत होता.